बैठकीत बसणारा माणूस

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचे शेट नाना शंकरशेट यांचं नाव निघालं की विषय लगेच आगगाडीवर जातो. १६ एप्रिल १८५३, दुपारचे साडेतीन, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. हे सगळं शाळेपासून आपल्याला तोंडपाठ असतं आणि त्यात काही खोटंही नाही. पण नानांविषयी लिहावंसं वाटलं ते या गाडीमुळे नाही. गाडी सुटण्याच्या सहा वर्षं आधी त्यांनी एका सरकारी मंडळात आपलं मत लेखी नोंदवलं होतं. ते मत वाचल्यापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मुंबई इलाख्याचं शिक्षण तेव्हा बोर्ड ऑफ एज्युकेशन नावाचं मंडळ पाहत असे. १८४० मध्ये ते नेमलं गेलं तेव्हापासून नाना त्याचे सभासद होते. १८४७ च्या सुमारास अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, विद्वान आणि आपल्या मताचे पक्के. सरकारकडे पैसा थोडा आहे, तेव्हा तो वरच्या वर्गातल्या मोजक्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यावर खर्च करावा, ज्ञान मग आपोआप खाली झिरपेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या विरुद्ध उभे राहिले कर्नल जॉर्ज जर्व्हिस. हे लष्करातले इंजिनियर. इथल्या शास्त्र्यांना हाताशी धरून गणिताची पुस्तकं मराठीत आणणारे. जर्व्हिस यांच्या बाजूला मंडळावरचे तीन देशी सभासद होते: नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मुकबा.

नानांनी लिहिलं त्याचा आशय असा: पश्चिम हिंदुस्थानातल्या लोकांपर्यंत उपयुक्त ज्ञान पोचवायचं असेल तर त्या कामी देशी भाषा इंग्रजीपेक्षा सरस आहेत, अशी माझी खात्री आहे.

हे लिहिणारा माणूस कोण होता ते लक्षात घ्या. घरी शिक्षक ठेवून इंग्रजी शिकलेला, गव्हर्नरांशी त्यांच्या भाषेत बोलणारा, ज्याच्या पुढच्या पिढीचं इंग्रजीवाचून काहीच अडणार नव्हतं असा गडगंज शेट. पेरींची योजना मान्य झाली असती तर पहिला लाभ नानांच्याच घराला आणि त्यांच्यासारख्या घरांना मिळाला असता. तरीही त्यांनी विरोध केला. आणि त्यांना इंग्रजीचं वावडं नव्हतं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत ते पहिल्यापासून होते. ज्याला इंग्रजी शिकायचं आहे त्याने उत्तम शिकावं, पण ज्याला ते जमणार नाही त्याच्यापुढे ज्ञानाचं दार बंद होता कामा नये, इतकं त्यांना स्वच्छ दिसत होतं. वाद सरकारपर्यंत गेला. सरकारनेही कुणा एकाच्या पारड्यात माप टाकलं नाही. खालचं शिक्षण देशी भाषांत आणि वरचं इंग्रजीत अशी तडजोड राहिली आणि आजही आपण कमीअधिक त्याच तडजोडीत जगतो आहोत. इंग्रजी माध्यम की मराठी माध्यम हा आपल्या घराघरांतला वाद पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत एका टेबलाभोवती झाला होता आणि त्यात मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांत एक सोनार, एक पारशी आणि एक कोकणी मुसलमान होता. हे आपल्या मुलांना कुणी सांगतं का?

सोनार हा शब्द मी मुद्दाम वापरला. नानांचं घराणं दैवज्ञांचं, मूळ आडनाव मुरकुटे, गाव मुरबाड. नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. त्याच्या चोवीसच वर्षं आधी, १७७९ साली, पेशवाईतून आलेल्या दबावामुळे कंपनी सरकारने मुंबईतल्या सोनारांना ब्राह्मणांप्रमाणे एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणायला बंदी घातली होती. तसा लेखी हुकूमच काढला होता. भेटल्यावर काय म्हणायचं हेसुद्धा ज्या जातीला सरकार ठरवून देत होतं, त्या जातीतला मुलगा पुढे त्याच सरकारच्या कायदेमंडळात जाऊन बसला. नानांच्या वागण्यात जो एक सावध ताठपणा दिसतो, कधी फार न झुकणं आणि कधी फार न तुटणं, त्याचं मूळ मला इथे सापडतं. हा माझा तर्क आहे, पण तो मला सोडवत नाही.

घराणं मुंबईत आलं ते अठराव्या शतकात. नानांचे पणजोबा गणबाशेट, ज्यांच्यावरून फोर्टातल्या गनबाव स्ट्रीटला नाव पडलं असं सांगतात. आजोबा बाबुलशेट, वडील शंकरशेट. जवाहिर आणि व्यापार यांत पैसा झाला. आई नाना लहान असतानाच गेली. वडील १८२२ मध्ये वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे. त्या वयात पेढी, जमिनी, नोकरचाकर, देणी-घेणी, सगळं अंगावर आलं.

त्या काळची पेढी म्हणजे काय, ते आज बँकेच्या काउंटरपुढे उभं राहून कळणार नाही. अरब आणि अफगाण व्यापारी आपली रोकड आणि चीजवस्तू बँकांत न ठेवता नानांकडे ठेवत. पावसाळ्यात शिडाची जहाजं बंद पडत, व्यापारी परत जात, माल विकलेला असे आणि पैसा मागे राहत असे. परमुलखातला माणूस, भाषा वेगळी, धर्म वेगळा. पुढच्या मोसमात आपण परत येऊ न येऊ, वाटेत जहाज बुडेल, तापाने मरू, याचा भरवसा नाही. असा माणूस गिरगावातल्या एका हिंदू शेटाच्या तिजोरीत आपली आयुष्याची कमाई ठेवून निघून जातो. कीर्द-खतावणीत नोंद झाली असणारच, पण त्या नोंदीच्या बळावर परदेशी माणूस कुणाविरुद्ध कुठल्या कोर्टात उभा राहणार होता? खरा आधार होता तो शेटाच्या शब्दाचा. नानांच्या सगळ्या सार्वजनिक आयुष्याचं भांडवल हेच होतं असं मला वाटतं. पैसेवाले मुंबईत पुष्कळ होते. ज्याच्याकडे ठेवलेलं जसंच्या तसं परत मिळतं अशी ख्याती मात्र फार थोड्यांची होती. म्हणूनच पुढे शाळेचा फंड असो, संग्रहालयाची वर्गणी असो, पैसे गोळा करायचे म्हटलं की नानांचं नाव आधी पुढे येई.

एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत शाळांची आणि शाळापुस्तकांची सोसायटी सुरू झाली. १८२७ नंतर बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ती ओळखली जाऊ लागली. सदाशिव काशिनाथ छत्रे तिचे चिटणीस होते, पुढे बाळशास्त्री जांभेकर तिच्यात आले. मराठीत गणित, भूगोल, इतिहास, व्याकरण यांची पहिली छापील पुस्तकं या मंडळींच्या खटपटीतून निघाली. नाना विशीपासून या कामात होते. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन परत निघाले तेव्हा त्यांच्या नावाने दोन लाखांहून जास्त रुपये जमले आणि त्यातूनच एल्फिन्स्टन कॉलेजची कल्पना उभी राहिली. या सोसायटीच्या शाळेत शिकलेला एक गरीब पारशी मुलगा पुढे दादाभाई नवरोजी म्हणून जगाला माहीत झाला. भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टनचेच. न्यायमूर्ती रानडेही तिथलेच.

आता मला जे मनापासून म्हणायचं आहे ते इथे म्हणतो.

आपल्याला बंडखोर आवडतात. तुरुंगात गेलेला, दगड खाल्लेला, समाजाने वाळीत टाकलेला माणूस आपल्या लगेच लक्षात राहतो आणि राहायलाच हवा. पण चाळीस वर्षं बैठकीला वेळेवर जाणारा माणूस आपल्याकडे कुणाच्या हिशेबात नसतो. मी एका छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत बरीच वर्षं काम करतो आहे, त्यामुळे हे मी रोज पाहतो. संध्याकाळी साडेसहाची सभा असते. पावणेसातपर्यंत चौघं आलेले असतात. कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवायची. तोवर चहा. मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत चिटणीस लिहितात: ‘सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते संमत.’ मग गळणाऱ्या छपराचा विषय, वाळवीचा विषय, वर्गणी पाच रुपयांनी वाढवावी का हा तर दोन वर्षं चाललेला विषय. यात कुठे काही उजळून निघत नाही. पण ही चारपाच माणसं येणं थांबली तर वर्षभरात ते वाचनालय बंद पडेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. सार्वजनिक जीवन म्हणतात ते बरंचसं यावर उभं असतं.

नाना हे असं बैठकीत बसणारे होते, आणि तेही परक्या सरकारच्या बैठकीत. समोरचे साहेब सत्ताधारी, आपण नेमलेले. निवडणूक नाही, पाठीशी पक्ष नाही, मत मोजलं जाईलच याची खात्री नाही. अशा ठिकाणी सोपे मार्ग दोनच असतात. मान डोलवत राहायचं, नाहीतर उठून जायचं. नानांनी यातलं काहीच केलं नाही. ते बसले, आपलं मत लिहून दिलं, हरले तर पुढच्या बैठकीला पुन्हा आले. शिक्षण मंडळात ते शेवटपर्यंत, म्हणजे १८५० च्या दशकात सरकारचं शिक्षण खातं निघेपर्यंत, होते.

शहराच्या कारभारातही तेच. मुंबईत तेव्हा आजच्यासारखी महानगरपालिका नव्हती. रस्ते, दिवाबत्ती, सफाई, घरपट्टी हे सगळं जस्टिस ऑफ द पीस मंडळींच्या हाती होतं. ही जागा आधी फक्त गोऱ्यांची. १८३० च्या दशकात ती इथल्या लोकांना खुली झाली आणि नाना त्या पहिल्या मंडळींत होते. सोनापूरची स्मशानभूमी गिरगावाजवळून उठवून शिवडीला न्यायचा बेत झाला तेव्हा नाना त्याच्या आड उभे राहिले आणि स्मशान जागच्या जागी राहिलं. बाहेरच्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीच्या वस्तीतून शिवडीपर्यंत तिरडी खांद्यावरून न्यायची म्हणजे काय, आणि पावसाळ्यात काय, हे ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे त्याला विचारावं. स्थानिक राजकारण म्हणजे असेच प्रश्न. नगरसेवकाकडे माणूस गटार, पाणी आणि स्मशान यांसाठीच जातो.

मुलींच्या शिक्षणाचं पाहा. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात शाळा काढली. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि वर्षभरात मुलींच्या शाळा उघडल्या. शिकवायला ही तरुण मुलंच. पण शाळा भरवायची कुठे? नानांनी गिरगावात आपल्या आवारात जागा दिली. जोतीरावांनी सोसलं तसं काही नानांना सोसावं लागलं नाही आणि या दोघांची तुलना करणं मला पटत नाही. पण गिरगावातल्या एखाद्या घाबरट बापाला आपली मुलगी शाळेत धाडायला धीर आला असेल तर त्यात ‘शेटांच्या वाड्यात भरते’ या एका वाक्याचा वाटा नक्की असणार. नाना स्वतः देवधर्म काटेकोर पाळणारे. नाना चौकाजवळचं भवानीशंकर मंदिर त्यांच्याच घराण्याचं. सुधारकांना ते पुरेसे सुधारक वाटले नसतील, सनातन्यांना पुरेसे सनातनी. दोघांमध्ये अशी एक जागा असते आणि तिथे उभ्या असलेल्या माणसामुळे अनेकांना पलीकडे जाता येतं.

नाटकावरही त्यांचं प्रेम होतं. फोर्टातलं जुनं नाटकघर बंद पडल्यावर नानांनी ग्रँट रोडला आपली जमीन दिली आणि १८४६ मध्ये तिथे नवं थिएटर उभं राहिलं. सुरुवातीचे प्रेक्षक बहुतेक साहेब लोक. पण १८५३ मध्ये सांगलीहून विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि त्यांचे खेळ या ग्रँट रोड थिएटरात लागले. विदूषक, सूत्रधार, राक्षसांचा आरडाओरडा, हे सगळं पहिल्यांदाच पडदे आणि बैठकव्यवस्था असलेल्या नाटकगृहात मुंबईकरांनी पाहिलं. आगगाडीही त्याच वर्षातली. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना सांगलीचं नाव येतं ते योग्यच, पण ग्रँट रोडच्या त्या जमिनीलाही त्यात जागा हवी.

आता आगगाडी. नाना आणि सर जमशेटजी जीजीभाई १८४५ च्या सुमारापासून रेल्वेसाठी खटपट करत होते. पुढे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वे कंपनी निघाली, तिच्या कामकाजासाठी नानांनी आपल्या घरातली जागा दिली आणि तिच्या मुंबईतल्या संचालकांत ते होते. मला यात एक अडचण वाटते ती लपवत नाही. या कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि ती हमी हिंदुस्थानच्या तिजोरीतून दिलेली. गाडी तोट्यात गेली तरी लंडनच्या भागधारकाला व्याज मिळणार आणि ते इथल्या शेतसाऱ्यातून जाणार. रेल्वे आली ती घाटावरचा कापूस बंदरावर आणायला. नानांना यातला व्यवहार कळत नव्हता असं म्हणता येणार नाही. व्यवहारच तर त्यांना कळत होता. त्यांना आपल्या मुंबईचा फायदा दिसत होता, देशाच्या तिजोरीचा हिशेब मांडायला अजून कुणी बसलं नव्हतं. तो हिशेब पुढे आकड्यांनिशी मांडला दादाभाईंनी, नानांनी चालवलेल्या शाळेतल्या त्या मुलाने.

पण नाना नुसते सरकारधार्जिणे होते असं म्हणणाऱ्याने १८५२ कडे पाहावं. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. हिंदू, पारशी, मुसलमान, सगळे एकत्र. नाना अध्यक्ष, चिटणीस भाऊ दाजी आणि नानांचे चिरंजीव विनायकराव. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती, तेव्हा थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज गेला: कारभार फार खर्चिक आहे, अधिकाऱ्यांची खोगीरभरती आहे, कायदे करणाऱ्या मंडळात इथले लोक हवेत, शिक्षणावर आणि रस्त्यांवर खर्च वाढवा. अर्जाची भाषा काही शेटमंडळींना झोंबली आणि ती बाजूला झाली. नाना राहिले. राष्ट्रसभा, म्हणजे काँग्रेस, स्थापन व्हायला अजून तेहतीस वर्षं होती.

आणि मग १८५७. उत्तरेत उठाव झाला आणि मुंबईत साहेब लोकांची झोप उडाली. फोर्जेट हा पोलीस अधिकारी वेषांतर करून वस्त्यांतून फिरत होता. आयुष्यभर सरकारच्या बैठकांत बसलेल्या नानांवरही बंडवाल्यांशी संधान बांधल्याचा संशय घेतला गेला. चौकशीत काही निघालं नाही. पण ज्याच्या शब्दावर अरब व्यापारी आपली तिजोरी सोपवत, त्याच्या शब्दावर सरकारचा एवढाही विश्वास नव्हता. ही गोष्ट वाचताना मला फार लागते. इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाकडे एका रात्रीत बदललेल्या नजरेने पाहिलं जातं तेव्हा त्याने दुसऱ्या दिवशी कामावर कसं जायचं? नाना गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंत ते होते. राणीच्या बागेतल्या संग्रहालयासाठी समिती नेमली गेली तिचे ते अध्यक्ष, भाऊ दाजी चिटणीस. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात इथले लोक पहिल्यांदा नेमले गेले, त्यांत नानांचं नाव होतं. दहा वर्षांपूर्वी अर्जात जे मागितलं होतं त्याचा एक तुकडा हाती आला होता.

शेवटची वर्षं मुंबईच्या वेडाची. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. बँका, जमिनी, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या, सगळ्यांचे शेअर आभाळाला भिडले. १८६५ च्या वसंतात यादवी संपली आणि १ जुलैला, वायद्यांचे हिशेब चुकते करायच्या दिवशी, शहराचा फुगा फुटला. कालपर्यंत लखपती असलेली माणसं दिवाळखोर झाली. शेटाचा शब्द ही ज्या शहराची पत होती, ते शहर कागदांच्या ढिगाऱ्यात बसलं होतं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला नाना वारले. वय बासष्ट.

त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याला शंकरशेट शिष्यवृत्ती मिळू लागली. जुन्या पिढीत ‘शंकरशेट स्कॉलर’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नसे, लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्याचा उल्लेख होई. १९१२ मध्ये रायगड जिल्ह्यातला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला, एक मुलगा मॅट्रिकला पहिला आला आणि ही शिष्यवृत्ती त्याला मिळाली. त्याचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पुढे तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि देशाचा अर्थमंत्री. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या प्रश्नावर त्याने ते मंत्रिपद सोडलं.